सावली, व्हर्जन एक

पायल गमरे कंपनीत होती आणि नव्हतीही. म्हणजे गळ्यात पट्टा होता, पट्ट्याला फोटो होता, फोटोत ती हसतही होती. पण अमेरिकेतल्या ज्या विमा कंपनीचं काम ती चौदा महिने उपसत होती, त्या कंपनीच्या लेखी पायल नावाचा प्राणी जन्मालाच आलेला नव्हता. सॉफ्टवेअरच्या धंद्यात अशा माणसाला ‘शॅडो’ म्हणतात. काम त्याने करायचं आणि नाव दुसऱ्याचं लागायचं. इथे नाव लागायचं मुकुलचं. मुकुल तिचा सीनियर, स्वभावाने गोड, दिवसभर मोबाइलवर क्रिकेटची मनातली टीम जुळवण्यात गढलेला. त्याचा पासवर्ड पायलला पाठ होता. त्याला स्वतःला नव्हता.

ठाण्यात बाळकुमच्या एका काचेच्या इमारतीत नवव्या मजल्यावर हा कारभार चाले. मॅनेजर होते नयन सर. ‘आपण सगळे एक फॅमिली आहोत’ हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणत. एकाने राबायचं आणि दुसऱ्याने आशीर्वाद द्यायचा अशा अर्थाने पाहिलं, तर ते खोटंही नव्हतं.

आता नियम असा, की कोडमध्ये काही बदल केला की काय केलं ते दोन ओळींत लिहायचं आणि खाली आपलं नाव टाकायचं. पायलची पंचाईत झाली. स्वतःचं नाव टाकायला बंदी, आणि मुकुलचं टाकायला हात वळेना. एका दुपारी वैतागून तिने इंग्रजी अक्षरांत ठोकून दिलं: सावली. शॅडोचं सरळ मराठी. कोण वाचतंय? मग सवयच लागली. चौदा महिन्यांत चारशे ठिकाणी सावली पडली.

वाचत होती मार्था. ही त्या विमा कंपनीतली बडी अधिकारी, साठीच्या घरातली, चष्मा नाकाच्या टोकावर. गिऱ्हाईक कोड वाचतं ही कल्पनाच ठाण्यात कुणाला शिवली नव्हती. फेब्रुवारीत ती तीन दिवसांच्या दौऱ्यावर आली. कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूचा हार, हातात शहाळं, असं तिचं सगळं यथासांग झालं. तेवढा वेळ पायलला चौथ्या मजल्यावरच्या कँटीनमध्ये पाठवलं होतं. डोकी यादीशी जुळायला हवीत ना!

तिथेच तासाभराने मुकुल धापा टाकत आला.

“अगं, वाट लागलेली! ती मार्था डायरेक्ट विचारते, सावली कोण? बोलते, तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं काम तिचंय, मला भेटव.”

पायलने हातातला समोसा प्लेटमध्ये ठेवला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिची चौकशी केली होती. “मग? सांगितलंस?”

“मी काय सांगणार? माझी तर बोबडी वळलेली. सर बोलले ना.”

“काय बोलले?”

मुकुलने तिच्या प्लेटमधला समोशाचा तुकडा उचलला. “बोलले, सावली आमचं एआय आहे. घरी बनवलेलं.”

त्या वर्षी एआय नसलेल्या कंपनीला कुणी दारात उभं करत नव्हतं, हे खरं. मुख्य कार्यालयातून रोज तीन मेल येत: तुमचं एआय कुठवर आलं? सरांकडे एआय नव्हतं. पायल होती. मार्था तर एवढी हरखली, की निघण्याआधी तिला सावलीचा डेमो हवाच होता.

संध्याकाळी सरांनी पायलला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच तिला कळलं की मामला गंभीर आहे.

“अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, पायल. मॅडम ‘कृष्णा’ रूममध्ये बसतील, तू शेजारी ‘गोदावरी’त. त्या विचारतील, तू टाइप करशील. बस.”

“म्हणजे मी मशीन व्हायचं?”

“अगं, कंपनीसाठी. फॅमिली आहोत ना आपण?”

“आणि माझं नाव, सर? एकतीस मार्चच्या आत प्रोजेक्टवर चढलं नाही, तर एचआर बोलावेल मला.” एचआर कुणाला चहाला बोलावत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मागच्या महिन्यात संचिताला बोलावलं होतं; ती परत जागेवर आलीच नाही, टेबलावरची तिची कुंडी तेवढी राहिली.

सरांनी लॅपटॉप मिटला. “डेमो नीट काढून दे. नाव चढवतो. शब्द माझा.”

पायल हो म्हणाली. तिला स्वतःचा राग आला, पण म्हणाली. कोपरच्या घरात अजून कुणाला तिने या एकतीस तारखेबद्दल सांगितलं नव्हतं, आणि सांगायची वेळ यावी अशी तिची इच्छा नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गोदावरीत जाऊन बसली. पायल टाइप करत असताना पलीकडच्या पडद्यावर ‘सावली विचार करत आहे’ असं लिहिलेलं एक गोल चक्र फिरायचं. ते मुकुलने बनवलं होतं. चौदा महिन्यांतलं त्याचं पहिलं काम, पण झकास झालं होतं. दोन्ही नद्यांच्या मध्ये प्लायवूडची भिंत होती. पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मार्थाने सोपं विचारलं. पायलने लिहिलं. मार्थाने अवघड विचारलं. पायलने तेही लिहिलं, वर तुमच्याच नियमावलीत सातव्या कलमात चूक आहे, असं अदबीने सुचवलं. पलीकडे टाळी वाजली. पायलला एकटीलाच हसू फुटलं. मशीन म्हणून का होईना, कुणीतरी तिला तिचं काम विचारत होतं आणि ती सांगत होती. तिला फार फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात मार्थाचा आवाज आला. “हे एवढं सगळं एकटं करतं, तर मुकुल आणि बाकीचे दहा जण काय करतात?”

पलीकडे मुकुल खोकला.

पायलचा मोबाइल थरथरला. सरांचा मेसेज: ‘जरा चुकत जा. फार हुशार वाटतेय सावली.’

पायलने तो दोनदा वाचला. चौदा महिने दुसऱ्याच्या नावावर नीट काम केलं, ते चाललं. आता स्वतःच्या नावावर चुकायचं होतं, आणि तेही नाव स्वतःचं नव्हतंच. तिने मोबाइल पालथा घातला. पुढच्या प्रश्नालाही बरोबर उत्तर दिलं. त्याच्या पुढच्यालाही.

मग मार्थाने गमतीने विचारलं, “सावली, तुला बनवलं कोणी?”

चक्र फिरू लागलं. मोबाइल पालथा पडल्या पडल्या पुन्हा थरथरला. पायलने उलटून पाहिलं: ‘लिही, सेंटर ऑफ एक्सलन्स, ठाणे.’

पायलने लिहिलं: ‘भीमाबाई आणि बाबुराव गमरे यांनी. कोपर, डोंबिवली पश्चिम. माझ्याआधी त्यांनी दोन मुलगे बनवले, तेही उत्तम चालतात. माझं नाव पायल. मी शेजारच्या खोलीत बसले आहे.’

आणि पाठवून दिलं.

पलीकडे मार्थाने ते मोठ्याने वाचलं. आईच्या नावाचं तिने पार भरीत केलं, पण वाचलं शेवटपर्यंत. त्यावर सरांचं हसणं ऐकू आलं, बरंच लांबलेलं.

“मॅडम, एआयचं हे असंच असतं. अधूनमधून भास होतात त्याला. नसलेली माणसं दिसायला लागतात. पुढच्या व्हर्जनमध्ये काढून टाकू.”

स्वतःला मशीन म्हटलेलं तिने सोसलं होतं. पण आईवडिलांना भास म्हटलेलं ऐकून तिच्या मस्तकात तिडीक गेली. एकतीस तारीख, एचआर, संचिताची कुंडी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि तितक्याच झटक्यात मागे पडलं. ती उठली, बाहेर आली आणि ‘कृष्णा’चं दार तिने न वाजवताच उघडलं.

“पायल,” सर दातओठ खात पण हसऱ्या चेहऱ्याने मराठीत म्हणाले, “आम्ही डेमोत आहोत.”

“माहितीये सर. डेमोच आलाय.”

मार्थाने चष्मा वर सरकवला. तिने पडद्याकडे पाहिलं. चक्र थांबलेलं होतं. मग तिने पायलकडे पाहिलं, मुकुलकडे पाहिलं. मुकुल टेबलाखाली काहीतरी शोधू लागला. सरांनी इंग्रजीत ‘ही आमची एक नवी ट्रेनी’ इथपर्यंत सुरुवात केली, पण मार्थाने त्यांना बोट दाखवून गप्प केलं आणि शेजारची रिकामी खुर्ची स्वतः मागे ओढली.

पायल सरांकडे वळली.

“सर, भास खुर्चीत बसला तर चालेल ना?”

आणि उत्तराची वाट न बघता ती बसली.