चार नंबर बाहेर

गोलकीपर, उजवा बचाव, डावा बचाव अशी तीन नावं सांगून झाली आणि चौथ्या नावापाशी टीमचा कोच हातोडा अडला.

तो खेळाडू समोरच्याच बाकावर बसून घोट्याला पट्टी गुंडाळत होता. हातोड्याला त्याच्याबद्दल सगळं ठाऊक होतं. डावा पाय कच्चा आहे, वडील नाहीत, आई शिवणकाम करते, मॅचच्या दिवशी पोटात काही टिकत नाही म्हणून नुसतं पाणी पितो. नाव तेवढं येत नव्हतं. अगदी ओठांवर आहे, आत्ता येईल, असंही नव्हतं. जिथे ते असायला हवं होतं तिथे काहीच नव्हतं.

“आणि चार नंबर,” हातोडा शेवटी म्हणाला. “हवेतला प्रत्येक चेंडू तुझा. बाकी कुणी मधे कडमडायचं नाही.”

कुणाला काही खटकलं नाही. हा सीझन सुरू झाल्यापासून कोच सगळ्यांना नंबरानंच हाका मारत होते. शिस्तीचा भाग असेल, असं खेळाडूंनी धरून चाललं होतं. पाठीमागे ते म्हणायचे, कोचनी टीमचा दवाखाना केलाय, नंबर पुकारल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. हे हातोड्याच्या कानावर आलं तेव्हा तोही हसला होता. हसता हसता त्याला बरं वाटलं होतं, की चला, झाकून गेलं.

हातोडा हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. याच क्लबकडून तो सतरा वर्षं बचावाच्या मधोमध खेळला. पायात फार मोठी कला नव्हती, पण चेंडू हवेत गेला की तो त्याच्या डोक्याचाच; त्यावरूनच हे नाव पडलं. क्लबचे तेव्हाचे कोच, जुने उस्ताद, गोलच्या आडव्या दांडीला दोरीनं चेंडू टांगून ठेवायचे आणि रोज शंभर हेडर मोजून घेतल्याशिवाय घरी सोडायचे नाहीत. चेंडू तेव्हा चामड्याचे. ओले झाले की विटेसारखे जड. संध्याकाळी डोकं ठणकायचं, त्याची कुणी तक्रार करत नसे. ठणकणार नाही तर काय, डोकं आहे ना, असं उस्ताद म्हणायचे.

क्लबच्या ऑफिसात त्याचा एक मोठा फोटो होता. अंतिम सामना, डोक्याला रक्तानं माखलेली पट्टी, आणि जमिनीपासून हातभर वर उडालेला हातोडा चेंडू जाळ्यात मारतोय. पहिला अर्धा संपता संपता समोरच्याशी टक्कर होऊन तो खाली कोसळला होता. पट्टी बांधून पुन्हा उतरला, चाळीस मिनिटं खेळला आणि त्या एका हेडरवर क्लबनं चषक जिंकला. क्लबचा आजचा सेक्रेटरी तेव्हा गोलकीपर होता. नवा खेळाडू आला की तो त्याला फोटोसमोर उभा करून सगळी गोष्ट ऐकवायचा. ऐकून ऐकून ती हातोड्यालाही तोंडपाठ झाली होती.

आता चोपन्नाव्या वर्षी त्याला वेगळ्याच धास्तीनं घेरलं होतं. दोन महिन्यांपूर्वी तो तीस वर्षांच्या पायाखालच्या रस्त्यानं गाडी घेऊन मैदानाकडे निघाला आणि एका सिग्नलला थांबला. दिवा हिरवा झाला तरी डावीकडे जायचं की उजवीकडे, हे त्याला उमगेना. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. घरी त्याने हे सांगितलं नाही. पण बायको शाळेत ग्रंथपाल होती, कुठलं पुस्तक कुठल्या फळीवरून हललंय हे लांबून ओळखणारी. तिच्यापासून काय लपणार? तिने दोनदा डॉक्टरची वेळ ठरवली. दोन्ही वेळा त्याने नेमका सराव काढला.

“अगं, वय झालं की विसरतो माणूस,” तो म्हणाला होता.

“अहो, वय माझंही झालंय,” ती म्हणाली होती. ते त्याच्या जिवाला लागलं होतं.

आजचा सामना सीझनचा शेवटचा. बरोबरी झाली तर क्लब वरच्या साखळीत राहणार, हरला तर खाली घसरणार. सेक्रेटरी सकाळपासून तीनदा येऊन सांगून गेला होता, की एक पॉइंट, हातोड्या, जास्त काही मागत नाही. खाली गेलो तर पुढच्या वर्षी अर्धे खेळाडू सोडून जातील, आणि समिती पहिल्यांदा कोचकडे बोट दाखवील, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

सत्तर मिनिटं गोल झाला नाही. हातोडा रेषेलगत येरझारा घालत होता. राखीव खेळाडू सगळे वापरून झाले होते आणि समोरचा संघ उंच चेंडूंचा मारा करत होता. चार नंबर एकेक चेंडू परतवत होता. प्रत्येक हेडरच्या आवाजाला हातोड्याची पावलं थांबत होती. हा आवाज पूर्वी त्याला गोड लागायचा.

बहात्तराव्या मिनिटाला समोरच्यांना कॉर्नर मिळाला. चार नंबर आणि समोरचा आघाडीवीर एकाच वेळी उडाले. दोन नारळ आपटावेत तसा आवाज झाला आणि दोघेही खाली आले. समोरचा कपाळ चोळत उठला. चार नंबर तीन-चार सेकंद हललाच नाही, मग उठून बसला.

फिजिओ पिशवी घेऊन धावला. चार नंबरला बाहेर आणून त्याने डोळ्यांत बॅटरी मारली, बोटं मोजायला लावली, स्कोअर विचारला. सगळी उत्तरं बरोबर आली. ठीक आहे, असं त्याने कोचला खुणावलं. प्रेक्षकांतून टाळ्या पडल्या. सेक्रेटरी धावत रेषेपाशी आला होता, त्याच्या जिवात जीव आला.

“कोच, किती मिनिटं राहिली?” चार नंबरनं विचारलं.

सतरा, हातोड्यानं सांगितलं. पोरानं मान हलवली, पाण्याचा घोट घेतला, मैदानाकडे पाहिलं.

“कोच,” तो त्याच शांत आवाजात म्हणाला, “किती मिनिटं राहिली?”

हातोडा वळून त्याच्या डोळ्यांत पाहू लागला. फिजिओ पिशवी आवरत होता, त्याने ऐकलं नव्हतं. सेक्रेटरीने ऐकलं असेल तर तसं दाखवलं नाही. मैदानातून रेफरी हात करून विचारत होता, की येतोय का तुमचा माणूस? जास्तीत जास्त दहा सेकंद असतील. तेवढ्यात हातोड्याला सगळं दिसलं: दहा जणांची टीम, मधली मोकळी जागा, हवेतून येणारे चेंडू.

“बस,” त्याने पोराच्या खांद्यावर हात दाबला. “तू जाणार नाहीस.” आणि रेफरीला खूण केली, चार नंबर बाहेर.

सेक्रेटरी त्याच्या अंगावरच आला. बदली उरली नाहीये, दहा जणांत मरू, पोरगा उत्तरं बरोबर देतोय, फिजिओ हो म्हणतोय, मग तुझ्या डोक्यात काय शिरलंय, असं सगळं तो एका दमात बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “अरे, तूच ना तो? पट्टी बांधून उतरला होतास. त्या गोलवर आपण उभे आहोत.”

“तो गोल मला आठवत नाही,” हातोडा म्हणाला.

सेक्रेटरीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“टक्कर झाल्यानंतरचं काहीच आठवत नाही. चाळीस मिनिटं नाहीत. चषक नाही. गोल मी पेपरातल्या फोटोत पाहिला. बाकी सगळं तू सांगितलंस तेवढंच.”

बायकोलाही त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. सेक्रेटरी त्याच्याकडे पाहत राहिला. मग दोन पावलं मागे सरला.

चार नंबर मात्र ऐकायला तयार नव्हता. त्याने पाण्याची बाटली लाथाडली, डोळ्यांत पाणी आलं होतं. “तुम्ही असतात तर बाहेर बसला असतात का, कोच?”

“नसतो बसलो,” हातोडा म्हणाला आणि त्याच्या शेजारी बाकावर टेकला.

उरलेली मिनिटं त्याने पोराशेजारीच बसून काढली. दहा जण जिवावर उदार होऊन खेळले. शहाऐंशीव्या मिनिटाला उजवीकडून चेंडू आला, अगदी त्या मोकळ्या जागेवर, आणि समोरच्या आघाडीवीरानं कुणी अडवायला नसताना आरामात डोकं लावलं. एक-शून्य. शिट्टी वाजली तेव्हा काही खेळाडू जागच्या जागी बसले. प्रेक्षकांतून कुणीतरी हातोड्याला उद्देशून बोललं, ते सगळं ऐकू आलं. सेक्रेटरी न थांबता समितीच्या लोकांबरोबर निघून गेला.

कपडे बदलायच्या खोलीत चार नंबरला उलटी झाली. मग दुसरी. फिजिओचा चेहरा पांढराफटक पडला. हातोड्यानं त्याला काही ऐकवलं नाही, पोराला आपल्या गाडीत घातलं आणि फिजिओलाच चालवायला लावलं. मागच्या सीटवर तो पोराचं डोकं खांद्याशी धरून बसला आणि त्याला झोपू दिलं नाही. आईबद्दल विचारत राहिला. पोरगा उत्तरं देत राहिला, मधेच थांबला की हातोडा लगेच पुढचा प्रश्न विचारायचा.

हॉस्पिटलात दीड तास गेला. पोराची आई आली, शिलाईची टेप गळ्यात तशीच. हातोड्यानं तिला बाकावर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. शेवटी एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. मेंदूला किंचित सूज आहे, रक्तस्राव नाही, दोन दिवस इथे ठेवू, असं तिने आईला समजावलं. पुन्हा एक दणका बसला असता तर सांगता आलं नसतं, एवढंच म्हणून थांबली. फुटबॉल किती दिवस बंद, ते नंतर बघू. आईनं पदराचं टोक तोंडाला लावलं आणि आत गेली.

“खेळातून बाहेर कुणी काढलं त्याला?” डॉक्टरणीने विचारलं.

“मी,” हातोडा म्हणाला. “कोच आहे त्यांचा.” होतो म्हणावं की काय, असं क्षणभर त्याच्या मनात आलं.

तिने मान हलवली आणि वळली. हातोडा तिच्या मागे दोन पावलं गेला. पेनल्टीच्या वेळीही त्याची अशी पाचावर धारण बसली नव्हती.

“डॉक्टर, दोन मिनिटं असतील तर,” तो म्हणाला, “आणखी एका खेळाडूबद्दल विचारायचं होतं. बचावात खेळायचा. सतरा वर्षं.”

तिने त्याच्या कपाळावरच्या जुन्या टाक्यांकडे पाहिलं. मग शेजारच्या खोलीचं दार उघडून दिवा लावला. हातोड्यानं बाहेरूनच बायकोला फोन केला, कुठे आहे ते सांगितलं आणि तू ये म्हणाला. ती काय झालं असं न विचारता निघाली.

तो आत गेला. खुर्ची छोटी होती. संघाचा फोटो काढताना पुढच्या रांगेत बसतात तसा, पाठ ताठ आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून, तो बसून राहिला.