धुरकट काचेपलीकडचा चेहरा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर पांढरा पडदा, शेजारी पेटी आणि पेटीत बोटाच्या पेराएवढा स्फटिक. तीच म्हणे परलोकाची खिडकी. गेलेल्या माणसाचा फोटो दिला की मंचावरच्या बाबांचा मदतनीस त्याची पारदर्शक फिल्म करून हिरव्या प्रकाशात धरे. तो प्रकाश वाटेत उभ्या केलेल्या धुरकट काचेतून पलीकडे गेल्यावर चेहऱ्याचा पार चुराडा होई. बाबा तो कागदावर दाखवत. मग कागद काढून प्रकाश स्फटिकावर सोडत आणि डोळे मिटत. अर्ध्या मिनिटाने पडद्यावर चेहरा उमटे, अगदी लख्ख.

वाट लांबची आहे, यायला वेळ लागतो, असं बाबा सांगत. जणू आत्मा नव्हे, रखडलेली बस.

पुढच्या रांगेत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी सून बसली होती. नवरा गेल्यापासून ती आतून बधिर झाली होती. धड रडूही आलं नव्हतं. शेजारी सासूबाई होत्या. मुलाला रोज भेटायचं तर घरदार सोडून इथेच राहा, असं बाबांनी त्यांच्या गळी उतरवलं होतं. उद्या त्या घर सोडणार होत्या.

आज फोटो सुनेने दिला होता. मदतनिसापुढे फोटोंचा ढीग पडलेला. त्याने न बघताच फिल्म लावली.

"ये बाळा, ये," बाबा डोळे मिटून म्हणाले.

पडद्यावर शेजारी बसलेल्या सासूबाईंचाच चेहरा उमटला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

जिवंतांचा आत्माही भटकतो, अशी बाबांनी सारवासारव केली. सुनेने मंचावर जाऊन काच बोटभर सरकवली. चेहरा विस्कटला. आत्मा कोपला, बाबा ओरडले. तिने लोकांना थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने चेहरा परत आला.

"काच प्रकाश विस्कटते," ती म्हणाली. "हा स्फटिक प्रत्येक किरण आल्या वाटेने माघारी पाठवतो, म्हणून त्याच काचेतून परतताना गुंता सुटतो. काच हलली की नव्या वाटा स्फटिकात उमटायला वेळ लागतो, तेवढंच. जे आत घातलं तेच बाहेर येतं. हात जोडण्याआधी एवढं विचारत जा, आत काय घातलं होतं?"

सभागृह रिकामं झालं.

"तुला हे कधी कळलं?" सासूबाईंनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी, आई."

"मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

"उद्या तुम्ही गेला असता, म्हणून बोलले. नाहीतर मीही येत राहिले असते. मलाही त्याला बघायचं होतं."

सासूबाईंनी तिचा हात धरला. घरी जाऊ, एवढंच म्हणाल्या.