मी काचेत बसणार नाही

मी हातोडा बोलतोय. एका अंगाला चपटा, दुसऱ्या अंगाला चोचीसारखा टोकदार. खिळे ठोकणाऱ्या भावंडांशी माझी गल्लत करू नका. मी दगड फोडतो. आणि आधीच सांगून ठेवतो, मी निवृत्त झालेलो नाही.

माझी मालकीण ग्रहांचा अभ्यास करायची. दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांवर जीव तग धरेल का, हा तिचा प्रश्न. तिथे जाता येत नाही, म्हणून इथल्याच उजाड जागा तिने पालथ्या घातल्या. थिजलेला लाव्हा, उकळती डबकी, मिठाची वाळवंटं. मी कायम तिच्या कमरेला.

तिचा दुर्बिणवाला सहकारी चिडवायचा, "बाई, तुमचा हातोडा त्या ग्रहावर पोचणार कधी?"

"तुमची दुर्बीण तरी कुठे पोचलीय? ती लांबूनच डोकावते!"

दगडाच्या वरच्या रंगावर तिचा विश्वास नव्हता. ऊनवाऱ्याने त्याचं तोंड रापलेलं असतं. मी घाव घालायचा आणि ताज्या फुटलेल्या अंगाला तिने जीभ लावायची, ही आमची रीत. ओला झाला की दगड खरा रंग दाखवतो. तिची लेक लहानपणी किंचाळायची, "ई! आई, आता माझा पापा घेऊ नकोस!"

शेवटच्या प्रवासातून तिने मुठीएवढा दगड आणला. तो फोडायचा राहिला. आधी आजारपण आलं, मग ती गेली. दगड आणि मी जिन्याखालच्या खोक्यात पडलो. मला गंज चढला. लेक आता कॉम्प्युटरवर ग्रहांची गणितं करते. मला तिने कधी हात लावला नव्हता.

एके दिवशी मालकिणीच्या संस्थेचे संचालक घरी आले. "प्रवेशद्वाराशी काचेची पेटी करतोय. हातोड्याला पॉलिश करू, शेजारी तो शेवटचा दगड. शोभून दिसेल."

मालकिणीच्या नवऱ्याने मान हलवली. "न्या. मला घरात बघवत नाही."

मी धुमसत होतो. जन्मभर घाव घातले, ते शोभेला बसण्यासाठी?

"पण बाबा, तो दगड आईने फोडलाच नाही," लेक म्हणाली.

"म्हणून तर तो अमोल आहे," संचालक म्हणाले.

"न फोडलेला दगड? आईने तुम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं."

तिने मला उचललं आणि दगड मागच्या पायरीवर ठेवला. पहिला घाव चुकला, पायरीचाच टवका उडाला.

"अगं, मनगट सैल सोड!" बाबा ओरडले. "ती तसंच करायची."

दुसऱ्या घावाला दगड दुभंगला. आतून नुसता राखाडी.

"झालं! वाया गेला," संचालक पुटपुटले.

लेकीने तुकडा तोंडाशी नेला आणि जीभ लावली.

ओल्या दगडात, कवचाच्या जरासं आत, हिरवी रेघ उमटली. उन्हापासून लपून, दगडाच्या पोटात राहणारे सूक्ष्म जीव. इतके दिवस कोरड्या खोक्यात राहूनही हिरवे.

बाबा त्या रेघेकडे बघत राहिले. मग संचालकांना म्हणाले, "पेटीत दुसरं काहीतरी ठेवा."

आता मी लेकीच्या कमरेला असतो. तिचे नेम अजून चुकतात, माझे टवके उडतात. उडू देत. मला पुसू नका, चमकवू नका. आणि दांडा मोडला तर हळहळत बसू नका. नवा बसवा.