विमानतळावर की शहरात

सारंगने जेवताना एडिंबरोतल्या बर्फाबद्दल विचारलं, तेव्हा मला आनंद झाला. मी इथे परदेशात, रॅफल्स प्लेसमधल्या एका कंपनीत जहाजांसाठी हवामानाचे अंदाज बांधते. लग्नानंतर इतक्या वर्षांत सारंगने माझ्या कामाबद्दल विचारलं ते एवढंच, की छत्री घेऊ का.

नाताळला तिकडे बर्फ पडेल का, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. मी ताटातल्या भातावर आमटीची धार सोडून दाखवली. पाऊस ढगातून निघतो तेव्हा तो बहुतेक बर्फच असतो. खाली येताना उबदार हवेचा थर किती जाड लागतो, त्यावर तो बर्फ म्हणून पोचतो की पाऊस म्हणून, हे ठरतं. यंदा उत्तरेकडून थंड हवा उतरण्याची चिन्हं आहेत, पण शक्यता अजून निम्म्याहून बरीच कमी आहे, असं मी सांगितलं. तो घास हातात धरून ऐकत होता.

"बाबा, डोन्ट आस्क लाह," आमची मुलगी जाई इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली. "शी वोन्ट स्टॉप."

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. मी ऑफिसातून निघताना मुद्दाम ताजे नकाशे बघून आले होते. शक्यता थोडी वाढली होती. तो खूश झाला आणि मीही.

मग एका संध्याकाळी मी पोळ्या करत असताना तो ओट्याजवळ येऊन उभा राहिला. तू सांगतेस ते विमानतळावरचं की शहरातलं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, दोन्हींत फार फरक पडू नये. त्यावर तो म्हणाला, की पावसात मिसळून पडला तर तो बर्फ धरतात का?

तव्यावरची पोळी मी उलटायची विसरले.

ब्रिटनमध्ये नाताळच्या बर्फावर लोक पैजा लावतात. आमच्या धंद्यात दर डिसेंबरला त्यावरून विनोद होतात. तुमच्या खिडकीबाहेर काय पडलं याला तिथे किंमत नसते. बहुतेक वेळा विमानतळावरच्या नोंदीवर निकाल लागतो. ज्याला बर्फ बघायचा असतो, तो माणूस विमानतळाचं विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी सारंगने स्वतः अर्ज करून इथल्या कसिनोंची दारं स्वतःसाठी बंद करून घेतली होती. इथे तशी सोय आहे. अर्ज भरताना मी शेजारी बसले होते, आणि तेव्हाच मी त्याला सांगितलं होतं, की पुन्हा खेळलास तर मी जाईला घेऊन नाशिकला जाईन. त्याने मान हलवली होती. आता कसिनोत जायची गरज नव्हती. परदेशी साइट फोनवर उघडते. ती इथे बेकायदा आहे, आणि पकडला गेला तर इथे राहून काम करायचा त्याचा पासही जाईल, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

आणि अंदाज त्याला घरातच मिळत होता. गरम पोळीबरोबर.

गॅस बंद करून मी सरळ विचारलं. तो हसला. ऑफिसातला एकजण सुट्टीत तिकडे जाणार आहे, त्याच्यासाठी विचारतोय, म्हणाला.

"सारंग, नीट ऐक," मी म्हटलं. "पैसे लावले असशील तर आत्ता सांग. आत्ता सांगितलंस तर मी कुठेही जाणार नाही. आपण मिळून बघू."

त्याने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी ओठांपर्यंत आलं होतं, असं मला अजूनही वाटतं.

"काही नाही गं अनु. तुझं आपलं काहीतरीच."

त्यानंतर मी त्याला अंदाज सांगितला नाही. त्याने विचारलं, की मी कामाचा कंटाळा आलाय म्हणायचे. पण स्वतः बघत होते. हवा दर खेपेला थोडी अधिक थंड दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादा अंदाज चुकावा अशी इच्छा केली. तो हरला तर बोलेल, असं मला वाटत होतं.

नाताळला सगळ्यांना सुट्टी होती. बिशानच्या आमच्या फ्लॅटखाली मुलं सायकली फिरवत होती आणि जाई खिडकीतून त्यांना हाका मारत होती. सारंगने सकाळपासून फोन पालथा ठेवला होता. तो उचलायचा, बघायचा, पुन्हा पालथा घालायचा. जाईने पत्ते वाटले, तर त्याला आपली पाळी कळेना.

"बाबा, यू आर नॉट इव्हन प्लेइंग," ती म्हणाली.

एडिंबरोच्या विमानतळाच्या नोंदी माझ्याही फोनवर येतात. इथली दुपार होईपर्यंत तिथे पाऊस होता. मग पाऊस आणि बर्फ. त्यानंतरच्या नोंदीत नुसता बर्फ, हलका.

मी मान वर केली. सारंगचे खांदे सैल झाले होते. त्याने पत्ते टाकले, जाईला उचलून गरकन फिरवलं आणि म्हणाला, चल, तुला सायकल घेऊ. आत्ताच. ती किंचाळत बूट आणायला पळाली.

"एडिंबरोत बर्फ पडला," मी म्हटलं.

"हो का? छान."

मी थांबले. तो टेबलावरचे पत्ते गोळा करू लागला.

"विमानतळावर की शहरात, ते विचारलं नाहीस," मी म्हटलं.

त्याचे हात थांबले. मग खुर्ची ओढून तो माझ्याजवळ बसला आणि हळू आवाजात बोलत राहिला. हे शेवटचं होतं. गेलेलं सगळं एका फटक्यात भरून निघालं. कुणाला कळणारही नाही. उलट मला बरं वाटायला हवं.

"जिंकलोय मी, अनु. हरलो असतो तर तुझं बरोबर होतं."

"मी विचारलं तेव्हा बर्फ पडला नव्हता," मी म्हटलं.

त्याने टेबलावरचे पत्ते पुन्हा हातात घेतले.

मी उठून कपाटातून माझा आणि जाईचा पासपोर्ट काढला. जाई बूट घालून दारात उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत. मी तिच्यासमोर खाली बसले आणि तिच्या बुटाची नाडी सोडली.

"सायकल नंतर," मी म्हटलं. "आधी तुझी बॅग भरू."

तिने माझ्या खांद्यावरून बाबाकडे पाहिलं. तो पत्ते हातात धरून बसला होता.