मागच्या रांगेतली भिंत

खण्ण! वाटी पडली आणि दुपारची शांतता मोडली.

"भिंतीला लागली का गं?" आईने विचारलं.

"साधा ओरखडाही नाही," लेक माझ्यावरून हात फिरवत म्हणाली.

मित्रांनो, मी तीच भिंत. मी एक जुनी भिंत आहे, पण या घरात जन्मलेली नाही. कारखान्यात लोखंडी साच्यात काँक्रीट ओतून मला घडवलं. साच्यातून काढलं की छातीवर खडूने तारीख लिहीत आणि आठ दिवस मोकळ्या आवारात उभं करून पाणी पाजत. मग आम्ही पक्क्या.

आवार सांभाळायची ही आईच. साचा बिघडला तरी बांधकाम अडू नये म्हणून सहा पक्क्या भिंती शिलकीत हव्यातच, असा तिचा हट्ट. कोणी घाई केली की म्हणायची, "थांबा!" म्हणून सगळे तिला थांबाताईच म्हणत.

"ताई, या नुसत्या उभ्या राहून अंडी घालणार आहेत का?" कारखान्याचे साहेब चिडवायचे. एकदा तिचं न ऐकता त्यांनी पाच भिंती पाठवून दिल्या. उरले मी एकटी, मागच्या रांगेत. माझ्यापुढे सगळ्या कच्च्या.

आणि दुसऱ्याच दिवशी साचा तडकला.

त्यातच बांधकामाला आणखी एक भिंत लागली. तिथून फोनवर फोन. "माणसं खोळंबलीत, भिंत कुठाय?" मला बाहेर काढायला तास लागला असता. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्यापुढच्या धाकटीची तारीख तळहाताने पुसली आणि आठवडाभर आधीची लिहिली. मी सगळं पाहत होते. पण भिंतीला कान असले तरी तोंड कुठलं?

क्रेनचा हुक धाकटीला अडकला. साखळी ताणली गेली. ती वीतभर उचलली गेली.

"थांबा!" ताई धावत आली. "ही परवाची आहे!"

"तारीख वाचा की."

"वाचली. अक्षर माझं नाही."

"ताई, एका तासाचा प्रश्न आहे..."

"मग जाऊ द्या तास! तिकडे बांधकामावर हुकाखाली माझा नवरा उभा असतो, साहेब."

टिक्.

हुकापाशी केसाएवढी रेघ उमटली. बघता बघता ती बोटाएवढी झाली आणि धाकटीचा कोपरा जमिनीवर आदळला. साहेब आपला पांढरा तळहात पँटला पुसत राहिले.

मग पुढच्या तिघींना बाजूला सारून मला नेलं. या घरात मला बसवलं ते तिच्याच नवऱ्याने. पुढे तिघं इथेच राहायला आली. कारखान्यात आता जुन्या भिंती पुढे आणि कच्च्या मागे असतात.

मित्रांनो, नुसतं उभं असलेल्याला रिकामटेकडं समजू नका. आणि कच्च्याला पक्कं व्हायला वेळ द्या.

आईकडून ऐकून ऐकून ही गोष्ट लेकीला तोंडपाठ आहे. आज मात्र वाटी उचलता उचलता ती थबकली.

"आई, त्या दिवशी तुझी सुट्टी असती तर?"

आईने माझ्यावर हात टेकला. तो बराच वेळ तिथेच राहिला.