पहिली हाक

शेषेराव मास्तरांनी त्रेसष्टाव्या पानावर लाल पेन्सिलीनं गोल काढला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"सापडलीस की नाही, पोरी! इथं चुकलीस."

चूक सापडली की मास्तरांना कोण आनंद व्हायचा. नांदेडला मिशनच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, निवृत्त होऊन लातूरला आले, तरी खोड काही जात नव्हती. दर वर्षी नाताळच्या अंकात त्यांची एक कथा यायची. चर्चच्या वहीत त्यांचं नाव योहान होतं, पण कथेखाली ते शेषेरावच लिहायचे. आईनं ठेवलेलं नाव सोडवत नाही म्हणायचे. कुणी काही लिहून आणलं, की वाचून ठेवायचे आणि त्याला नाताळच्या आदल्या दिवशी बोलवायचे. आधी चुका, मग फराळ, हा त्यांचा शिरस्ता.

पोरगी समोरच्या खुर्चीत सॅक मांडीवर घेऊन बसली होती. गल्लीच्या तोंडाशी मुलींचं हॉस्टेल होतं, तिथली. डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा दोनदा देऊन झाली होती, आता तिसऱ्यांदा. महिन्यापूर्वी दाराशी आली तेव्हा "मी बिरादार, सर," एवढंच म्हणाली होती. क्लासमध्ये सगळे आडनावानंच हाक मारतात. मास्तरांनीही पुढं विचारलं नाही. त्यांना तिच्या हातातली दोनशेपानी वही दिसली होती, बास.

"आता ऐक. ही इंदू. तिसरीत आहे, वर्गात पहिली. गुरुजींना सांगते, मी डॉक्टर होणार. चाळीसाव्या पानावर भूकंप होतो आणि लेकरू माळवदाखाली सापडून जातं. बरोबर?"

"हाव."

"आणि त्रेसष्टाव्या पानावर हीच इंदू सॅक घेऊन लातूरला क्लासला चाललीय! मेलेली माणसं अशी आपली आपण उठून चालायला लागली, तर ईस्टरला येशू उठला म्हणून सांगायला आमच्या पाळकसाहेबांना काय काम राहील?"

आत करंज्या तळणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मम्मा हसल्या. मास्तरांचे असले विनोद ऐकायला घरात त्या एकट्याच उरल्या होत्या.

"चूक न्हाई सर ती," पोरगी म्हणाली. "ही दुसरी इंदू हाय."

"दुसरी कुठून आली?"

"पहिली गेल्यावर झालेली. आमच्या गावात बऱ्याच बायांचं ऑपरेशन झालेलं होतं, आता लेकरं पुरे म्हणून. आन् भूकंपात लेकरंच गेली. मग दवाखान्यात जाऊन ते ऑपरेशन उलटं करून घेतलं. पुन्हा लेकरं झाली, त्यांना गेलेल्यांचीच नावं ठेवली. आमच्याकडं अशी लई हायेत."

मास्तर खुर्चीत पुढं सरकले.

"अगं मग हे लिहायचं नाही का कुठं! काय जबरदस्त गोष्ट आहे ही! थांब, थांब, आता मला ते हाकेचं कळलं." त्यांनी भराभरा पानं उलटली. "हे बघ. 'इंदू पहिल्या हाकेला कधीच ओ देत नाही. पहिली हाक तिच्यासाठी नसते.' मी बाजूला 'वा' लिहिलंय, पण मला वाटलं मुलगी हट्टी आहे म्हणून. आता अर्थ लागला!"

त्यांनी समासात खुलाशाची सूचना लिहिली. मग पहिलं पान काढलं. वर ओळ मोकळी होती.

"आणि लेखकाचं नाव कुठंय? लाजायचं काय त्यात? दणकून नाव टाक. बाकी, विशेषणं काढ. रडायचं काम वाचकाचं, ते त्याला करू दे. पण शेवट, पोरी..."

त्यांनी शेवटचं पान उघडलं. चारच ओळी होत्या. घरातली भिंत. पहिल्या इंदूचा हार घातलेला फोटो. शेजारी दुसऱ्या इंदूचा, त्यालाही हार. खाली दोन्हीकडं एकच नाव, आणि बाप एकाच उदबत्तीनं दोघींना ओवाळतो.

"कसं झालं, का झालं, एक शब्द नाही. इतकी वर्षं लिहितोय, मला असा शेवट कधी जमला नाही. शेवटाला हात लावू नकोस."

पोरीनं पहिल्यांदाच मान वर केली.

"नक्की, सर? नको बदलू?"

"एक अक्षरही नको."

"बरं." तिनं श्वास सोडला. "लई दिवस विचार करत होते, हाच ठेवावा का म्हणून. कुणाला तरी विचारायचं होतं."

मास्तर खूष झाले. लक्ष्मम्मा करंज्या-चकल्यांची ताटली घेऊन आल्या. "खा गं माय, किती वाळलीस," म्हणाल्या. पोरीनं करंजी उचलली. तेवढ्यात गल्लीतून हाक आली.

"इंदू!"

पोरगी करंजीकडं बघत बसून राहिली. मास्तरांना वाटलं, शेजारचं कुणी असेल.

"ए इंदू!"

"आले, बाबा," ती म्हणाली आणि उठली.

"तुझं नाव..." मास्तर म्हणाले. मांडीवर शेवटचं पान उघडंच होतं, आणि त्यातली हार घातलेली दुसरी इंदू समोर उभी होती. देवा रे! महिनाभर वही घरात होती. त्यांनी तिच्या काना-मात्रेची चौकशी केली, तिची केली नाही. आणि आज पोरीनं सरळ तोंडावर विचारलं, तर एक अक्षरही नको म्हणून सांगून बसले.

गुरुबसप्पा बिरादार चपला बाहेर काढून आत आला. हातात पिशवीत बांधलेला डबा. दर शनिवारी तो औशाकडून एस.टी.नं डबा घेऊन यायचा आणि साडेपाचच्या गाडीनं परत जायचा.

"हॉस्टेलवर सांगितलं, हितं हाय म्हणून. ते लिहिणं-बिहिणं परीक्षेनंतर करू द्या सर. आमची इंदू लई हुशार होती." मग म्हणाला, "हाय."

पोरीनं त्याच्या हातातला डबा घेतला. तिला हे ऐकायची सवय असावी.

"शेवट चुकलाय," मास्तर तिला म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात, सर."

"मी गाढव आहे. तो शेवट नको."

"राहू द्या सर." तिनं हात पुढं केला. "वही द्या."

मास्तरांनी दिली नाही. कुणाचंही लिखाण त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याला दाखवायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम होता. त्यांनी शेवटचं पान फाडलं आणि गुरुबसप्पाच्या हातात दिलं.

"वाचा. आत्ता, इथंच."

"सर, नको ना," पोरगी म्हणाली.

गुरुबसप्पा ओळींखाली बोट फिरवत, ओठ हलवत वाचू लागला. चार ओळींना त्याला फार वेळ लागला. मग त्यानं पुन्हा वरून सुरुवात केली. लक्ष्मम्मांनी तिघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि आत जाऊन गॅस बंद केला. पोरगी डबा छातीशी धरून उभी होती.

"गोष्ट हाय ती, बाबा," ती म्हणाली.

गुरुबसप्पा उंबऱ्यावर बसला.

"हिच्या मायीनं हिच्यासाठी दुसरं नाव काढलं होतं," तो मास्तरांना म्हणाला. "बारशाला बाया पाळण्यापाशी बसलेल्या. तिनं ते नाव सांगितलं, मी म्हणलो, न्हाई, इंदूच. लई रडली. म्हणली, हिला तरी हिचं काही असू द्या. चांगलं नाव होतं."

पोरीला हे माहीत नव्हतं. ती दोन पावलं पुढं आली.

"काय नाव?"

गुरुबसप्पानं तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. त्यानं कपाळ चोळलं.

"काय बरं... 'स'वरून होतं का... न्हाई." तो थांबला. "तुझी माय असती तर सांगितलं असतं."

माय जाऊन दोन वर्षं झाली होती. बारशाला पाळण्यापाशी बसलेल्यांपैकी आता कोण कुठं, हेही त्याला सांगता आलं नसतं. वीस वर्षांत त्यानं ते नाव एकदाही तोंडात घेतलं नव्हतं.

पोरगी त्याच्या समोर फरशीवर बसली. डबा बाजूला ठेवला. गल्लीत चर्चची पोरं ढोलकी घेऊन नाताळची गाणी म्हणत आली. मास्तरांच्या दारात दर वर्षी ती थांबायची. लक्ष्मम्मांनी खिडकीतूनच त्यांना पुढं जायची खूण केली.

"जरा थांब, पोरी," गुरुबसप्पा म्हणाला. "आठवायलोय."

साडेपाचची एस.टी. गेली. लक्ष्मम्मांनी दारावरच्या कागदी चांदणीतला दिवा लावला. गुरुबसप्पाला नाव आठवत नव्हतं, आणि पोरगी त्याच्या ओठांकडं बघत तिथंच बसून होती.