चोमदोच्या गीनाम

चोमदो बेटावर घरं एकशे चाळीस आणि गीनाम नावाच्या मुली नऊ. बेटाबाहेर हे नाव कुणी ठेवत नसे. शाळेत मात्र आठ गीनाम होत्या, आणि मास्तर हजेरीला विहिरीजवळची गीनाम, तिरळी गीनाम, रडकी गीनाम असं पुकारून वेळ भागवीत. नावाचा अर्थ 'मुलगा मागणारी'. मुलीला हे नाव दिलं की तिच्या पाठीवर हमखास मुलगा येतो, ही चोमदोच्या बायकांची पक्की समजूत.

आता हिशेबच करायचा तर शाळेतल्या आठांपैकी चौघींच्या पाठीवर भाऊ आले होते आणि चौघींच्या पाठीवर बहिणी. कुणी नाव ठेवलं नसतं तरी साधारण एवढंच झालं असतं. पण चार घरांच्या दारावर मुलगा झाल्याची, लाल मिरच्या खोवलेली दोरी लागली ती साऱ्या गावानं पाहिली. उरलेल्या चार दारांवर मुलीची, कोळशाची दोरी लागली तेव्हा 'बाईचंच काही चुकलं असेल' म्हणून विषय मिटला. जमेची बाजू तेवढी मोठ्यानं वाचायची, ही माणसाची जुनीच खोड.

नववी गीनाम म्हणजे मूळची. नो घराण्यातली चौथी मुलगी, वय वीस. तिच्या पाठीवर भाऊ, सोक्चुल, झाला, तिथून हे सगळं सुरू झालं. चार मुलींची आई म्हणून जी बाई चुलीपाशी उभ्यानं जेवायची, तिला सोक्चुल झाल्यावर पाट मिळाला. आणि पुढे गीनाम शाळेत गेली, हजेरीत नाव पुकारलं गेलं, गावाच्या डोक्यात उजेड पडला, तेव्हापासून मान मिळाला. गरोदर बायका कोंबडी घेऊन यायच्या, 'सोक्चुलच्या आई, जरा पोटावरून हात फिरवा' म्हणायच्या. आई हात फिरवायची. नवरा दोन वर्षांपूर्वी होडीसकट गेला, तरी विधवा म्हणून तिला कुणी मागे सारलं नाही, ते या हातामुळे.

आणि आता त्याच नावापायी स्थळ आलं होतं. खाण्याच्या समुद्री शेवाळाचे वाळवलेले कागद विकत घेत बेटाबेटांवर फिरणारी जांगहुंगकरीण लग्नंही जुळवायची. तिनंच आणलं. पलीकडच्या किनाऱ्यावर, गांगजिनला, भाताची गिरणी. तीन पिढ्या एकुलता एक मुलगा.

"तीन पिढ्या एका धाग्यावर लोंबकळतायत," जांगहुंगकरीण म्हणाली. "गीनाम म्हटलं आणि मुलाची आई सरळ बसली बघा. पत्रिकेसाठी जन्मतारीख नीट हवी तेवढी. रजिस्टरची नक्कल आणा."

"माझ्या लक्षात आहे की तारीख," आई घाईनं म्हणाली.

"तुमच्या लक्षात चांद्र तारीख असणार. ते गिरणीवाले लोक, त्यांना शिक्का लागतो."

मुलगा गीनामनं बाजारात एकदा पाहिला होता. शांत होता, पोत्यावर बसून हातानं बूट शिवत होता. तिला वाईट वाटला नव्हता. म्हणून ती स्वतःच कचेरीत गेली.

ब्यॉन कारकून पेन्शनीला आला होता. त्यानं नक्कल उतरवली. गीनामनं वाचली, परत वाचली. तिचा जन्म आधीचा, सोक्चुलचा तीन वर्षांनंतरचा, पण दोघांची नोंद एकाच दिवशी झालेली.

"काका, हे असं कसं?"

"असंच. तेव्हा मुली कोण लगेच नोंदवायचं? जगली तर बघू, म्हणायचे." कारकुनानं चष्मा पुसला. "तुझा बाप मुलगा नोंदवायला आला, खुशीत, थोडी घेतलेलीही होती. मी म्हटलं, अरे घरात तीन वर्षांची एक आहे ना, तिचंही उरकून टाक. नाव विचारलं तर त्याला ठाऊक नाही. घरी तुला 'छोटी' म्हणायचे."

"मग गीनाम?"

"म्हणाला, एक झाला, पण समुद्राकाठी एकाचा काय भरवसा? आणखी एक हवा. पोरीच्या नावानं दुसरा मागून बघतो." कारकून हसला. "मागितला. आला नाही."

गीनामनं हे घरी सांगितलं तेव्हा आई शेवाळाचे ओले कागद चटईवर लावत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुला ठाऊक होतं, आई?"

"तारीख मिळाली ना? तेवढीच दे."

"त्या बाईला वाटतं, माझ्या नावानं..."

"वाटू दे. त्यात कुणाचं काय बिघडलं?"

"मुलगी झाली तर माझं बिघडेल."

"आणि तू बोललीस तर माझं." आईनं चटई सरकवली. "उद्यापासून मला या गावात कोण काय म्हणून हाक मारेल, याचा विचार कर आणि मग तोंड उघड."

गीनामनं विचार केला. आठ दिवस दुसरं काही केलंच नाही.

मुलाची आई, गांगजिनकरीण, सकाळच्या लाँचनं आली. जाड, नीटनेटकी, पायात पांढरे रबरी बूट. तिनं आधी अंगण पाहिलं, मग गीनामचे हात, मग कंबर, आणि शेवटी तोंड. आईनं भाताचं गोड पेय आणि सुकी पर्सिमॉन फळं पुढे ठेवली. जांगहुंगकरीण दोघींच्या मध्ये तराजूच्या काट्यासारखी बसली.

"नाव कुणी ठेवलं?" पाहुणीनं विचारलं.

"वडिलांनी," आई म्हणाली.

"काकू," गीनाम म्हणाली, "ते भावाच्या आधी ठेवलेलं नाही."

आईचा हात गीनामच्या घागऱ्याकडे आला आणि त्यानं कापड घट्ट धरलं.

"तो झाल्यावर, त्याच्याच नोंदीच्या दिवशी ठेवलंय. बाबांना दुसरा मुलगा हवा होता. तो झाला नाही. या नावानं आमच्या घरात कुणी आलेलं नाही."

"पोरगी लाजते हो," जांगहुंगकरीण म्हणाली. "लाजली की काहीही बोलते."

गांगजिनकरणीनं पर्सिमॉन शांतपणे चावून गिळलं. "मला वाटलं, दमाबिमा आहे की काय. एवढंच ना?"

"तुम्ही नावासाठीच आलात ना?"

"नावासाठीच आले. पण नावानं मुलगे होत असते तर माझ्या सासूनं गिरणीतल्या मांजरीचंही बदललं असतं." ती पुढे झुकली. "हे बघ, सासूबाई जिवंत आहेत, चुलत दीर चार आहेत. कुणाची आणली म्हणतील. चोमदोची गीनाम आणली म्हटलं की चारी तोंडं बंद. मला तेवढं उत्तर हवंय."

"आणि मुलगी झाली तर?"

"तर नाव खोटं निघालं म्हणेन. मी तर बघूनसवरून आणली होती."

"म्हणजे खोटी मी."

"तू कशाला गं? नाव."

"ते माझ्याच अंगावर आहे, काकू."

पाहुणी आवाज खाली आणून म्हणाली, "मला आधी तीन मुली झाल्या. तेव्हा माझ्यापाशी सांगायला नावसुद्धा नव्हतं. सगळं माझ्याच पोटावर आलं. तुला मी निदान आधीच सांगतेय."

ती खरं बोलत होती, हे गीनामला दिसत होतं. बूट शिवणारा तो मुलगाही तिला आठवला.

"मला नको," ती म्हणाली.

दुपारच्या लाँचनं दोघी गेल्या. जांगहुंगकरीण वाटेत तीन बेटांवर उतरली असणार, कारण तिसऱ्या दिवशी बातमी चोमदोला उलटी फिरून आली. कुणी म्हणालं, नशीब घरातच राहावं म्हणून पोरगी मुद्दाम बोलली. कुणी म्हणालं, गिरणीवाल्यांनीच नाकारली असेल. आई या तीन दिवसांत गीनामशी एक शब्द बोलली नाही.

चौथ्या दिवशी विहिरीजवळच्या गीनामची आई अंगणात येऊन उभी राहिली. हिच्या पोरीच्या पाठीवर दोन मुलीच झाल्या होत्या.

"सोक्चुलच्या आई, तुमच्या तोंडून ऐकायचंय. सासरे म्हणतात, मीच काहीतरी केलं म्हणून नाव फळलं नाही. आज सात वर्षं म्हणतायत. खरं काय?"

आईच्या हातात शेवाळाचे कागद पाडायची लाकडी चौकट होती. तिनं ती पाण्यात बुडवली, काढली, निथळू दिली. गीनामला वाटलं, आता ती पोरगी लाजते असंच काहीतरी बोलेल.

"खरं तेच, जे ही बोलली," आई म्हणाली. "नाव दुसऱ्या मुलासाठी ठेवलं होतं. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेले. दुसऱ्यांदा मी शिंपल्यांच्या चिखलात होते, भरती चढत होती. पाण्यानं सगळं नेलं. घरी येऊन स्वयंपाक केला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारायला कुठे आलात? तुम्ही कोंबडी घेऊन आलात."

"त्या दिवशी माझ्या पोटावर हात फिरवताना तुम्हाला ठाऊक होतं," बाई म्हणाली. "सात वर्षं मी बोलणी खाल्ली, सोक्चुलच्या आई." मग ती वळून चालू लागली. तिनं फाटक लावलं नाही.

आईनं चौकट चटईवर उलटी केली. काळा ओला कागद सुटला, एका कोपऱ्याशी फाटला.

"आता कुणी येणार नाही," ती म्हणाली. गीनामशी चार दिवसांतलं पहिलं वाक्य.

गीनामनं रिकामी चौकट उचलून पाण्याजवळ ठेवली.

"त्या गांगजिनकरणीनं तुला सगळं आधी सांगितलं. माझ्या सासूनं मला तेवढंही सांगितलं नव्हतं. घर वाईट नव्हतं ते."

"नव्हतं, आई."

"गिरणी होती."

"हो."

आईनं फाटलेला कोपरा ओल्या बोटानं जुळवून पाहिला. तो जुळेना. खाडीकडून वारा सुटला आणि लावलेल्या चटया एकेक करून उचलू लागल्या.

"ते टोक धर," आई म्हणाली.